नऊ कंपन्या बँकेला, एक आम्हाला

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

सादर नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. माझा एजन्सी कोड आपल्या संगणकात कुठंतरी पडलेला असेल, तेवढीच काय ती ओळख. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो आणि २००३ पासून आयुर्विमा विकतो. सगळा एकाच कंपनीचा, कारण एजंटाला एकच आयुर्विमा कंपनी धरता येते. त्याच नियमाबद्दल हे पत्र.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक मुलगा आला होता. वय २९, खताच्या कारखान्यात नोकरी, नुकतंच लग्न झालेलं. त्याच्या आजोबांच्या क्लेमचे कागद मीच केले होते, तेव्हापासून मला काका म्हणतो. त्याला आजीवन पॉलिसी घ्यायची होती. कागद चाळता चाळता त्यानं विचारलं, "काका, एवढ्या कंपन्या आहेत, तुम्ही हीच का निवडली?"

मी तोंडावर आलेलं उत्तर दिलं. कंपनी चांगली, बोनस बरा, क्लेमचं काम चोख. सगळं खरं आहे, पण त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं, की आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ एजंट नेमायच्या कामावर होते. माझा कारखाना बंद पडला होता. ते वडिलांना म्हणाले, "याला परीक्षेला बसवा, पुढचं मी बघतो." त्यांनी मला निवडलं, मी कंपनीला नाही. ते दुसऱ्या कंपनीत असते, तर इतकी वर्षं मी त्या दुसऱ्या कंपनीचा बोनस कसा बरा हे लोकांना सांगत फिरलो असतो, आणि तेही इतक्याच मनापासून.

मुलाला मी हे सांगितलं नाही. आपल्याला सांगतो.

साध्या टर्म पॉलिसीत, म्हणजे ठराविक मुदतीपुरत्या विम्यात, कंपनी कुठली याला फार जीव जाळायचं कारण नसतं. हप्ता परवडला, क्लेम देणारी असली, की झालं. चार वर्षांनी दुसरीकडे स्वस्त मिळाली आणि तब्येत धड असली, तर माणूस बदलूही शकतो. आजीवनचं तसं नाही. हप्ता पंधरा-वीस वर्षं, विमा शंभरीपर्यंत. एलआयसीची जीवन उमंग घ्या. हप्ते संपले की दरवर्षी मूळ विमा रकमेच्या ८ टक्के हातात, आणि शेवटी विमा व बोनस. २०२३ च्या नोव्हेंबरात आलेल्या जीवन उत्सवमध्ये तोच आकडा १० टक्के, पण तिच्यात बोनस नाही, जे काय ते आधीच ठरलेलं. खाजगी कंपन्यांकडेही याच जातीच्या पॉलिसी आहेत. २९ वर्षांच्या मुलाला अशी पॉलिसी विकली, तर कंपनीशी त्याचा संबंध ७१ वर्षांचा झाला. एवढी वर्षं आमच्या वाड्याची रस्त्याकडची भिंतसुद्धा टिकली नाही.

मधेच मोडायची झाली तर मार खातो तो ग्राहक. २०२४ च्या ऑक्टोबरपासून एक वर्षाचा हप्ता भरलेल्यालाही काही सरेंडर रक्कम मिळेल असं आपण केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. त्याआधी पहिल्या वर्षाचे पैसे म्हणजे गंगेला सोडले, असंच आम्ही सांगत असू. तरीही चौथ्या-पाचव्या वर्षी मोडणाऱ्याच्या हातात त्यानं भरलेलं सगळं बहुधा येत नाही. म्हणजे कंपनी बदलायची सोय नाही आणि सोडायची किंमत मोठी. अशा मालात कंपनी कोणती, हाच मुळात सल्ला. बाकी मी करतो ते फॉर्म भरणं आहे. आणि नेमका तोच सल्ला द्यायची मला मुभा नाही.

मला निवडता आलं असतं तर काय पाहिलं असतं, ते लिहितो. विकणाऱ्याच्या बाजूनं ही गोष्ट आपल्यापर्यंत क्वचितच येत असेल.

आधी बोनस. नफ्यात सहभागी पॉलिसींच्या फंडात जो नफा वाटला जातो, त्यातले किमान ९० टक्के पॉलिसीधारकांचे. नियम सगळ्यांना एक, पण फंड सगळ्यांचे सारखे नाहीत. कुणाचा जुना आणि भरलेला, कुणाचा कालपरवाचा. ग्राहकाला दाखवायच्या तक्त्यात आपण ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने ठरवून दिलेत. एजंटाचं बोट कुठल्या रकान्यावर जातं हे आपल्याला सांगायला नको. माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात कंपन्यांनी वर्षावर्षाला दर हजारी किती बोनस दिला ते मी लिहून ठेवतो. हळूहळू उतरलेला बोनस मला चालतो, व्याजदर उतरले की तो उतरणारच. एखाद्या वर्षी मार्च एंडिंगला उपयोगी पडावा असा अचानक चढलेला दिसला, की मी त्या ओळीसमोर पेन्सिलीनं फुली मारतो.

मग पर्सिस्टन्सी, म्हणजे विकलेल्यांतल्या किती पॉलिसी चालू राहिल्या ते. तेराव्या महिन्याची सगळेच सांगतात, मी एकसष्टाव्याची बघतो. पाच वर्षांनंतर शंभरातल्या किती पॉलिसी जिवंत आहेत, यावरून ती कंपनी काय बोलून विकते ते कळतं. आपल्या सक्तीमुळे हे आकडे प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर एल-२२ नावाच्या तक्त्यात असतात. सॉल्व्हन्सी, म्हणजे देणी भागवायची कंपनीची ताकद, तीही तिथंच असते. १५० टक्क्यांच्या खाली जायचं नाही, हा आपला दंडक. पण माझ्या ओळखीच्या एजंटांपैकी तो तक्ता उघडून बघणारे दोन-चारच निघतील. बघून करणार काय? लग्न झाल्यावर पत्रिका काढण्यातला प्रकार.

क्लेमच्या टक्केवारीवर माझा फारसा भरवसा नाही. ९८ टक्के, ९९ टक्के असे आकडे सगळ्यांच्याच जाहिरातीत असतात. ते बहुधा संख्येवरचे. रकमेवरचे काढले की चित्र थोडं हलतं. शिवाय वीस वर्षं चाललेल्या पॉलिसीचा क्लेम द्यायला कोण कुरकुर करतो? विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर कुठल्याही कारणानं पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. कंपनीची दानत दिसते ती पहिल्या तीन वर्षांतल्या क्लेममध्ये. जाहिरातीत तो आकडा मी अजून पाहिलेला नाही.

कंपनी टिकेल का, यावर आमच्या बाजारातल्या आजोबामंडळींचं एकच उत्तर असतं. एलआयसीला सरकारची हमी आहे. आहेच. १९५६ च्या एलआयसी कायद्याच्या कलम ३७ मध्ये लिहिलेली आहे. २४५ कंपन्या आणि संस्था एकत्र करून ते महामंडळ झालं. १९ जानेवारी १९५६ ला रेडिओवरून तो निर्णय जाहीर करणारे अर्थमंत्री म्हणजे चिंतामणराव देशमुख. (१ सप्टेंबरला महामंडळ उभं राहिलं, तोवर त्यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिलेला होता. इथल्या मराठी घरांत विम्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हातारं माणूस ही गोष्ट काढतंच, आणि मग मूळ विषय राहून जातो.) खाजगी कंपन्यांच्या बाबतीत नावाचीच गंमत असते. माझ्या एका शेजाऱ्यानं २००५ मध्ये आयएनजी वैश्यची पॉलिसी घेतली. २०१४ मध्ये तिची एक्साइड लाइफ झाली आणि २०२२ मध्ये ती एचडीएफसी लाइफमध्ये गेली. त्याचं नुकसान काही झालेलं नाही, तक्रारही नाही. पण दर वेळी नव्या नावाचं पत्र आलं की तो ते घेऊन माझ्याकडे येतो. मी म्हणतो, अरे, मी त्या कंपनीचा नाही. तो म्हणतो, "तुम्ही विमावाले ना?"

या सगळ्याहून मोठी गोष्ट मात्र मेडिकलची आहे. लीलो चिवडा आणि सेव-उसळीच्या गावात पंचेचाळिशीच्या माणसाची साखर काय असते, हे मी निराळं सांगायला नको. रेल्वेतला एक ग्राहक, वय ४४. तीन महिन्यांची साखर ७.४ निघाली. माझ्या कंपनीनं त्याचा प्रपोजल सहा महिने पुढं ढकलला. यात कंपनीची चूक नाही, प्रत्येकीचं जोखमीचं गणित वेगळं असतं. एक कंपनी ढकलते, दुसरी थोडा जादा हप्ता लावून घेते, तिसरी सरळ नाही म्हणते. पण प्रत्येक कंपनीच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: याआधी कुणी आपला प्रस्ताव नाकारला, पुढं ढकलला किंवा जादा हप्ता लावला आहे का? माझ्या हातून त्या माणसाच्या कपाळावर हा शिक्का बसला. नंतर तो जिथं गेला, तिथं त्याला "हो" लिहावं लागलं, आणि "हो" लिहिलं की पुढं दहा चौकश्या. दुसऱ्या एका कंपनीनं त्याला पहिल्याच फेरीत जादा हप्त्यावर घेतलं असतं, हे मला नंतर कळलं. कळलं ते घरातच, कसं ते पुढं सांगतो. तीन कंपन्यांशी माझं काम असतं, तर नाव न सांगता आधी तिन्हीकडे फोन केला असता. वय एवढं, साखर एवढी, रक्तदाब एवढा, घ्याल का? मग फॉर्म भरला असता. त्या गृहस्थांनी शेवटी नाद सोडला आणि पैसे पोस्टात ठेवले. प्रताप नगरला भेटतात तेव्हा चहा पाजतात, पण विम्याचा विषय काढत नाहीत. मीही काढत नाही.

पॉलिसीवरचं कर्ज ही आजीवनची दुसरी बाजू. मुलीच्या लग्नाला किंवा मुलाच्या फीला लोक सोनं मोडत नाहीत, पॉलिसी गहाण ठेवतात. व्याजाचा दर आणि किती दिवसांत पैसे खात्यात येतात, एवढंच त्यात पाहायचं.

आणि शाखा. आता सगळं मोबाईलवर होतं म्हणतात. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा माझ्या अकरा ग्राहकांचे पॉलिसी बॉण्ड कपाटाच्या खालच्या कप्प्यात भिजून लगदा झाले. डुप्लिकेट काढायचं म्हणजे स्टॅम्प पेपर, क्षतिपूर्तीचा बॉण्ड, सह्या. चिखलातून चालत जाऊन विचारता येईल असं एक काउंटर गावात होतं, म्हणून ते अकराही निभावले. टोल-फ्री नंबरवर त्या आठवड्यात गाणं वाजत होतं. आजीवन पॉलिसी घेणारा माणूस सत्तर वर्षांत किमान एक पूर तरी बघणारच. त्याची कंपनी निवडताना हे बघायला नको?

आता आपल्या मनात जे असेल ते. एजंटाला चार कंपन्या दिल्या, तर जी जास्त कमिशन देईल तिची पॉलिसी तो विकेल. विकेल. सगळे नाही, पण पुष्कळजण विकतील, मी कशाला लपवू? २०२३ च्या एप्रिलपासून कमिशनच्या जुन्या वेगवेगळ्या मर्यादा जाऊन कंपनीच्या एकूण खर्चाच्या मर्यादेत सगळं आलं, तेव्हापासून कुणी किती द्यायचं ते कंपनीच ठरवते. म्हणजे हाव धरायला जागा आहे.

पण आज काय होतं तेही ऐका. एकाच कंपनीचे आम्ही या एका शहरात किती एजंट आहोत, मोजदाद नाही. माल तोच, हप्ता तोच, बोनस तोच. मग माझ्यात आणि शेजारच्या एजंटात फरक कशाचा? एकाचाच: कमिशनमधलं परत किती देतो. "बीजो तो पहेलो हप्तो अर्धो आपे छे, तमे शुं आपशो?" (दुसरा तर पहिला हप्ता अर्धा देतो, तुम्ही काय देणार?) हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता झोपेतही उत्तर देईन. कलम ४१ प्रमाणे असं परत देणं गुन्हा आहे, दहा लाखांपर्यंत दंड आहे. दंड झालेला एजंट मी पाहिलेला नाही. घेणारे मात्र रोज पाहतो, त्यात माझे नातेवाईकही आहेत. एकाच दुकानाचा एकच माल शंभर जणांच्या हातात दिला की भाव पाडण्यावाचून धंद्याला दुसरं अंग उरत नाही. कंपनी निवडायची मोकळीक असती, तर माझा माल माझी अक्कल झाली असती. ती अर्धी परत दे, असं कुणी म्हणालं नसतं.

आणि नियमाला पळवाट असतेच. आमच्या गावात एजंटाच्या बायकोच्या नावावर दुसऱ्या कंपनीची एजन्सी असते, मुलाच्या नावावर तिसऱ्या. आमच्याही घरी आहे. फरक एवढाच, की आमच्या हिनं आयसी-३८ ची, म्हणजे एजंट व्हायची, परीक्षा स्वतः दिली, माझ्याहून जास्त मार्क मिळवले, आणि आपले ग्राहक ती आपणच सांभाळते. मला त्यात नाक खुपसू देत नाही. रेल्वेतल्या गृहस्थांची केस तिच्या कंपनीनं घेतली असती हे मला रात्री जेवताना कळलं, तेही तिच्याकडून, आणि "आधी विचारायचं होतंत" हे वर. आपला नियम असा घरोघर स्वयंपाकघरात मोडतोय. मोडणारे सगळे लबाड नाहीत. ग्राहकाला दुसरं दार दाखवायचा त्यांच्यापाशी हा एवढाच मार्ग आहे. काही लबाडही आहेत. बायकोला पॉलिसीचं नावसुद्धा ठाऊक नसतं आणि सही तिची असते.

आता ज्यांना आपण मोकळीक दिलीत त्यांच्याकडे बघा. कॉर्पोरेट एजंटाला, म्हणजे मुख्यतः बँकांना, २०२२ मध्ये आपण तीनऐवजी नऊ आयुर्विमा कंपन्या ठेवायची मुभा दिलीत. विमा मार्केटिंग फर्मला सहा. ब्रोकरला हव्या तेवढ्या, आणि मोबाईलवर विमा विकणारे मोठे ॲप आता ब्रोकरच आहेत. हितसंबंध काय फक्त दांडिया बाजारातच आडवे येतात? ६७ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, आमच्या गल्लीतल्या निम्म्या मुलांना त्यांनी बाराखडी शिकवली. त्या एका बँकेत ठेव नवी करायला गेल्या आणि दहा वर्षं दरवर्षी लाख रुपये भरायची पॉलिसी घेऊन आल्या. ठेवच आहे, व्याज जास्त आहे, असं त्यांना वाटत होतं. कागद घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा सातवा आठवडा चालू होता, पॉलिसी परत करायचे ३० दिवस उलटून गेले होते. आधी बँकेला अर्ज, मग कंपनीच्या तक्रार कक्षाला, मग अहमदाबादला विमा लोकपालांकडे. पैसे मिळाले, पण मधले महिने बाईंनी झोप घेतली नाही. त्या बँकेकडे एकाहून जास्त कंपन्या होत्या. काउंटरवरच्या मुलाला त्यातली एकच माहीत होती, त्या महिन्याच्या टार्गेटची.

म्हणजे जास्त कंपन्या दिल्यानं आपोआप काही सुधारत नाही, हे मला मान्य आहे. माझं म्हणणं निराळं आहे. काउंटरवरच्या मुलाची बदली होते. बाई त्याला पुन्हा शोधू शकत नाहीत. मला शोधायला त्यांना जिना चढायची पण गरज नाही, खालून हाक मारली की पुरते. ज्याला ग्राहक रोज रस्त्यात भेटतो, त्याला निवडीचा हक्क कमी, आणि ज्याला पुन्हा कधी भेटणार नाही, त्याला जास्त. हे कुणी, काय विचार करून ठरवलं, ते मला अजून उमगलेलं नाही.

हे कायद्यात आहे, आमच्या हातात नाही, असं उत्तर येईल. ठाऊक आहे. विमा कायद्याच्या कलम ४२ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीनं स्पष्ट लिहिलं, की एजंटानं एकच आयुर्विमा कंपनी, एकच सर्वसाधारण, एकच आरोग्य विमा कंपनी धरावी. पण त्याच कलमात पुढं आपल्याला उद्देशून असंही म्हटलंय, की दोन किंवा अधिक विमा कंपन्यांचं काम करणाऱ्या एजंटाच्या बाबतीत हितसंबंध आडवे येणार नाहीत, अशी खबरदारी नियम करताना घ्या. म्हणजे ते आडवे येतात हे कायद्याला माहीत आहे, आणि नियमांनी आवरता येतात हेही. आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्या बाबतीत आवरता येत असतील, तर दोन आयुर्विमा कंपन्यांच्या बाबतीत का नाही? २०२५ च्या डिसेंबरात संसदेनं हाच कायदा पुन्हा उघडला आणि परदेशी भांडवलाची मर्यादा ७४ वरून १०० टक्के केली. टोकियोचा पैसा बडोद्यात चालतो. बडोद्याचा एजंट शेजारच्या शाखेत गेलेला चालत नाही. संसदेला शिफारस करणं तरी आपल्या हातात आहे.

माझा एक ग्राहक न्यू जर्सीला स्थायिक झालाय. तिथं त्यानं आजीवन विमा घेतला, तेव्हा मला तासभर फोनवर सगळं सांगत होता. त्याचा एजंट स्वतंत्र. पाच-सहा कंपन्यांनी त्याला नेमलेलं, राज्याचा परवाना एकच. तिथल्या पुष्कळ आजीवन कंपन्या म्युच्युअल आहेत, म्हणजे मालक पॉलिसीधारकच, आणि आपल्या बोनससारखा तिथं लाभांश दरवर्षी जाहीर होतो. त्याचीही हमी नसते. एजंटानं त्याच्यासमोर काय काय मांडलं, तर ए. एम. बेस्ट या पत ठरवणाऱ्या संस्थेनं कंपनीला दिलेली पत, लाभांशाचा जुना इतिहास, पॉलिसीवर कर्ज काढलं तर लाभांश बदलतो की तसाच राहतो (कंपनीगणिक वेगळं असतं म्हणे), आणि सुरुवातीला जास्त पैसे भरून रोख किंमत लवकर वाढवायची सोय. हेही सांगितलं, की नॉर्थवेस्टर्न म्युच्युअलसारखी मोठी कंपनी फक्त आपल्या माणसांकरवी विकते, ती हवी असेल तर मी देऊ शकत नाही, तिकडे जा. तिथं सगळं सोन्याचं आहे असं मुळीच नाही. मधल्या मार्केटिंग संस्था आहेत, जास्त कमिशनच्या कंपनीकडे ढकलणं आहे, त्यानंच सांगितलं. पण "ही माझ्याकडे नाही, तिकडे जा" हे वाक्य एजंटाच्या तोंडून ऐकल्यावर त्याचा विश्वास बसला. माझ्याकडे एकच कंपनी, मी असं वाक्य कुणाकुणाला आणि किती दिवस म्हणत बसू? माझं घर कसं चालणार?

तर मागणं असं. नऊ नकोत, मला झेपणार नाहीत. तीन आयुर्विमा कंपन्या द्या. सगळ्यांना देऊ नका. ज्याची किमान पाच वर्षं झाली आणि ज्याच्या स्वतःच्या पॉलिसींची एकसष्टाव्या महिन्याची पर्सिस्टन्सी आपण ठरवाल त्या रेषेच्या वर आहे, त्यालाच. रेषेखाली गेला की परत एकीवर आणा. प्रपोजल फॉर्मवर तिन्ही कंपन्यांकडून मला मिळणारं कमिशन शेजारी शेजारी छापा, ग्राहकाला दिसू दे. आणि त्याखाली दोन ओळी कोऱ्या ठेवा, ज्यात एजंट आपल्या हातानं, ग्राहकाच्या भाषेत लिहील की तिघींतली हीच का. उद्या तक्रार झाली तर लोकपालांनी आधी त्या दोन ओळी वाचाव्यात. मेडिकलच्या बाबतीत नाव न घेता आधी विचारून घ्यायची रीतसर सोय करा, आणि नुसती चौकशी केली म्हणून "पूर्वी नाकारले" असा शिक्का बसू नये. विमा सुगमच्या, म्हणजे सगळ्या कंपन्यांचा विमा एका जागी आणायच्या ऑनलाइन बाजाराच्या, कामात कंपन्यांच्या बोनसचा जुना इतिहास एका जागी, एकाच साच्यात आला, तर माझी वही मी आनंदानं रद्दीत घालीन.

एक गोष्ट राहिली, आणि ती निवडीइतकीच महत्त्वाची आहे. माझं वय ५८. मी आजीवन पॉलिसी विकतो ती माझ्या आजीवन नाही, ग्राहकाच्या. आमच्याकडे गुजरातीच्या संगतीनं पॉलिसी मॅच्युअर होत नाही, पिकते. त्या मुलाची पिकेल तेव्हा मी कुठं असेन याचा हिशेब मी केलाय. एजंट गेला किंवा त्यानं काम सोडलं की त्याच्या पॉलिसींना कंपनीच्या भाषेत अनाथ म्हणतात. त्या कुणा नव्या एजंटाच्या नावावर चढतात. नवा एजंट फोन करतो तो बहुधा नवी पॉलिसी विकायला. कधी जुनी मोडून नवी घ्यायला लावायला. आजीवन पॉलिसीपुरता तरी असा नियम करा, की ग्राहकाला आपला पुढचा एजंट स्वतः निवडता यावा, आणि दुसऱ्या कंपनीचा एजंटही त्याचं सेवेचं काम, त्याचा मोबदला घेऊन, करू शकेल. माझ्या शेजाऱ्याचे कागद मी आजही बघतोच आहे, फुकट.

त्या मुलाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्याला सांगितलंय, पंधरा दिवस थांब, दोन कंपन्यांचे तक्ते तूही बघ. एक आमच्या हिच्या कंपनीचा आहे. तिला वाटतं मी तिचा ग्राहक पळवतोय, त्याला वाटतं मी नाराज झालोय, आणि माझ्या शाखेतून या महिन्याचा आकडा विचारायला दोनदा फोन येऊन गेला.

आपला,
दांडिया बाजार, बडोदा इथला एक विमा एजंट